डावा कोपरा

मैदान आमचं बारा मीटरचं.
स्टेज अठरा फुटांचं, तेही दोन बंड्या जोडून
वर फळ्या ठोकलेलं.
डोमाकाका म्हणाले, घडी घाला ना मैदानाची,
लुगड्याची घालता तशी.
मग तांदळाच्या पिठानं मध्यरेषा ओढली
आणि निदानरेषेला जागाच उरली नाही.

मी डावा कोपरा.
सहावीपासून डावा कोपरा.
माझं काम एकच, घोटा.
नजर गुडघ्याखाली, वरचा माणूस मला लागत नाही.
तालुक्याला अकरा धरले, एक सुटला नाही,
साकोलीच्या त्या उंच पोरीचाही नाही,
जिच्या टाचेचे तीन टाके
अजून माझ्या हनुवटीवर आहेत.

आणि काका सांगतात,
"पंधराव्या ठोक्याले धर, सोळाव्याले सोड."
काऊन सोडू?
"सोडल्याबिगर नाच होत नाही, पोट्टे."

काका दंडारीत चाळीस वर्षं बाई होऊन नाचलेले.
गुडघे गेले, कंबर शाबूत.
आम्हाला ते पडायला शिकवत होते,
आम्हाला, ज्यांच्या कोपरांना कातडी टिकत नाही!
मैदानात पडलं की धूळ उडते, संपलं.
इथं तुमचं पडणं
मागं तणशीवर बसलेल्या, कडेवर पोर घेतलेल्या
बाईला ऐकू गेलं पाहिजे.
आधी तळवा, मग खांदा,
मग, थांबा,
मग केस.

चढाईला यामिनी लांजेवार.
तिच्या कबड्डी-कबड्डीवर फागूची ढोलकी चालते,
ढोलकीवर ती नाही.
बाकी सगळं ठरलेलं,
कोण बाद, कुठल्या पावलाला लोण, सगळं.
दम तेवढा खरा.
दमाची तालीम होते, नक्कल होत नाही,
असं आम्ही पैजेवर सांगायचो.

भाऊबीजेपासून मंडयाच मंडया.
चिचटोल्याला एका म्हाताऱ्यानं
आमच्या बाजूनं दहा रुपये लावले.
कालच्या गावातही आम्ही हरलो होतो,
हे त्यानं स्वतः पाहिलं होतं.

त्याच रात्री डीपी उडाली.
तेराव्या की चौदाव्या ठोक्याला
सगळं काळं.
फागूचा हात थांबला.
यामिनी थांबली नाही.
कबड्डी कबड्डी कबड्डी, अंधारात कुठूनतरी,
फळीवर तळव्याची एक चपराक,
आणि घोटा माझ्या हातात.
सोळावा ठोका आलाच नाही.
मग मी कशावर सोडणार होते?
तिनं ओढलं. खरंच ओढलं.
दुसरी टाच हनुवटीवर, बरोबर त्या टाक्यांवर.
सुनंदा आणि मंजू अंगावर कोसळल्या
कोणी न सांगता,
खालची एक फळी कडाडली,
तणशीवरचं पोर रडायचं थांबलं.

दिवे आले तेव्हा तिचं बोट
रेषेच्या अलीकडे, पीठभर अंतरावर.
कोणाला काही कळलं नाही.
शिट्ट्या अशा की बैल बुजले.
म्हातारा दहाची नोट हलवत उभा.
काका पडद्याआडून, डोळे पुसत,
"हेच ठेवा वं. उद्यापासून हेच."

आता पंधराव्या ठोक्याला
फागूचा भाचा बटण दाबतो.
मी धरते. ती ओढते.
टाच हनुवटीच्या दोन बोटं आधी थांबते.
सुनंदा पडते, मंजू पडते, तळवा, खांदा, केस.
पिठावर बोट, रोज त्याच जागी.
शिट्ट्याही तेवढ्याच.

फक्त अंधारात, मधेच,
यामिनी हळूच श्वास घेते.
कानाला नाही कळत ते.
घोट्याला कळतं,
शीर क्षणभर सैल होते आणि पुन्हा ताणते.
मैदान असतं तर ओरडले असते,
दम तुटला, सर, दम तुटला!
इथं शिट्टीवाला पंच नाही.
घोटा गरम आहे माझ्या मुठीत
आणि दिवे यायला
अजून चार ठोके आहेत.